खुर्चीवरचे कपडे

१२ मे

प्रिय दादा,

मागच्या जिन्याची तिसरी पायरी तुला आठवते का? सकाळी तिथे ऊन यायचं, म्हणून मी शाळेचे बूट तिथेच बसून पुसायचे. एक दिवस तू वरून आलास, शेजारी बसलास आणि दोन मोजे माझ्यासमोर धरून म्हणालास, "टाचणे, हे जोडीचेच आहेत ना?" मी नऊ वर्षांची, तू पंधराचा. एक मोजा तपकिरी होता, दुसरा हिरवा. मला वाटलं, तू माझी चेष्टा करतोयस. मी म्हटलं, "हो तर, सख्खे जुळे आहेत." तू ते घालून शाळेत गेलास आणि संध्याकाळी घरी आल्यावर कोणाशी बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पायरीवर येऊन तू तेच मोजे माझ्यासमोर धरलेस. या वेळी तू हसत नव्हतास. तेव्हा मला कळलं, की तुला रंगांतला फरक खरंच दिसत नाही.

त्या महिन्यात आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाची सिस्टर आम्हाला गाठीचा टाका शिकवत होती. मी तुझ्या सगळ्या कपड्यांच्या आत, शिवणीला लागून, बारीक गाठी घातल्या. तपकिरीला एक, हिरव्याला दोन, लालला तीन. आईला वाटलं, पोरीला अखेर शिवणाची गोडी लागली. सिस्टरने तर मला वर्षअखेरीला बक्षीस दिलं, एक सुबक कात्री. कशाबद्दल, ते तिला कधी कळलं नाही.

आणि मग तू जो काही कपडे घालायला लागलास! दादा, मी आजवर खूप माणसं पाहिली. पैसेवाली पाहिली, दिसायला देखणी पाहिली. पण तुझ्यासारखा अंगावर कपडा मिरवणारा माणूस पाहिला नाही. तुझ्या पँटच्या घडीवर पेन्सिलीला टोक काढता आलं असतं. गिरणीत मुलाखतीला गेलास तेव्हा मॅनेजरने तुला काही विचारण्याआधी तूच म्हणालास, "साहेब, तुमच्या कोटाच्या डाव्या बाहीत एक आडवा धागा निसटलाय." नोकरी तिथेच लागली. पुढे पस्तीस वर्षं कोरं कापड तुझ्या टेबलावरच्या उजेडाच्या काचेवरून सरकत राहिलं आणि तुझ्या नजरेतून एक गाठ सुटली नाही. रंग चढण्याआधीच्या कापडाचा तपासनीस! ज्याने कोणी तुला ते काम दिलं, त्याला माहीत नसताना त्याने जगातली सगळ्यात बरोबर गोष्ट केली. गिरणीत साहेब दुसराच होता, पण साहेब म्हणायचे ते तुला.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण असं, की आपल्या आतेभावाने, म्हणजे आपल्या घरच्या वर्तमानपत्राने, गिरणीतल्या जुन्या लोकांच्या संमेलनाचा फोटो मला पाठवला आहे. मागच्या बाजूला लिहिलंय, "तुझा साहेब ओळख पाहू."

दादा, पोपटी शर्ट, त्यावर मरून कोट, मोहरीसारखा पिवळा टाय. आणि बाकी सगळे शर्टाच्या बाह्या दुमडून घाम पुसताहेत, तर तू आत जाड लोकरी बंडी घालून उभा. बंडी जांभळी. मला आधी हसू आलं. मग तुझ्या मागे उभे असलेले दोघं तोंडावर हात ठेवून काय करताहेत ते दिसलं, आणि हसू गेलं.

वहिनींचं आणि तुझं भांडण झालंय का? की त्या गावाला गेल्या होत्या? तसं असेल तर सरळ सांग. मला अजून गाठी घालता येतात. चष्मा लागेल, एवढंच.

तुझी,
टाचणी


२० मे

प्रिय टाचणीस,

तुझं पत्र वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. सख्खे जुळे म्हणून फसवलंस, त्याची कबुली चोपन्न वर्षांनी दिलीस. माफी मात्र अजून मागितली नाहीसच.

तू माझं फार कौतुक केलं आहेस. त्यातलं माझं किती, ते एकदा सांगून टाकतो. कापड माझं. कापड मी डोळे मिटून निवडतो. दोन बोटांत धरून चुरगाळायचं आणि सोडायचं. भलं कापड रागावत नाही, लगेच सरळ होतं. शिंप्याशी हुज्जत माझी. इस्त्री माझी. बाहीतून शर्टाचा कफ बोटभर दिसायला हवा, हे बोट माझं. रंग मात्र तुझ्या वहिनीचा.

तुला गाठींचं पुढे काय झालं ते मी नीट कधी सांगितलं नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी ती माझा शर्ट उलटा करून बारकाईने बघत बसली होती. मला वाटलं, ढेकूण सापडला. तिने विचारलं, "या गाठी कसल्या?" मी खोटं सांगायला तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं. लग्नाआधी सांगितलं नव्हतं, म्हणून मनात धाकधूक. ती उठली, कात्री आणली आणि एकेक गाठ कापायला लागली. मी म्हटलं, "अगं, मी उद्या काय घालू?" तर म्हणाली, "खुर्चीवर काढून ठेवीन ते."

झालं. एकेचाळीस वर्षं मी खुर्चीवर ठेवलेलं घालतो आहे. खिडकीजवळची ती वेताची खुर्ची. बैठकीवर पँट, तिच्यावर शर्ट, पाठीला कोट, टाय शर्टाच्या कॉलरमध्ये आधीच ओवलेला, मोजे बुटात. सकाळी चहाच्या आधी हे काम. एकदा तिला ताप होता, तर मुलीच्या अभ्यासाच्या वहीत रंग लिहून ठेवले होते, कोणत्या हँगरवर काय. त्या वर्षी मुलीला चित्रकलेत बक्षीस मिळालं असतं, वही मीच पळवली.

फोटोचं म्हणशील, तर तिथले दिवेच भलते होते. बंडी घातली कारण मला जरा कणकण वाटत होती. आतेभावाला म्हणावं, पत्र पाठवण्याआधी दहा अंक मोजत जा.

आणि हे वहिनीला लिहू नकोस. उगीच. तिला चष्म्याचा नंबर बदलायचा आहे, वाचायचा त्रास होतो.

तुझा,
दादा


२ जून

प्रिय वहिनी,

दादाने मला तुम्हाला लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे, म्हणूनच लिहिते आहे. तो तुम्हाला पाठीशी घालतो, हे मला काही आज कळलेलं नाही. कणकण म्हणे! भर उन्हाळ्यात कणकण असलेला माणूस संमेलनाला जातो का?

सोबत फोटो ठेवला आहे. तो एकदा शांतपणे बघा. ज्याला दुरून येताना पाहून गिरणीतली माणसं आपापल्या कॉलर सारख्या करायची, तो हा माणूस. त्याच्या मागे उभे असलेले दोघंही बघा.

वहिनी, मी त्याला तुमच्या हाती दिला तेव्हा त्याच्या प्रत्येक कपड्याला माझी गाठ होती. तुम्ही त्या कापल्यात. मी काही म्हटलं नाही. पण कापल्यात, तर मग सांभाळायचं. त्याला दिसत नाही, तुम्हाला तर दिसतं ना? असा पाठवताना तुमचा हात कसा धजावला?

लागलं असेल तर क्षमा करा. तुम्ही बऱ्या असाल. माझे गुडघे तसेच आहेत.

तुमची,
वन्सं


११ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. तुमचे गुडघे कसे आहेत?

फोटो मी खिडकीपाशी नेऊन पाहिला. यांचा चेहरा छान आला आहे. हसताना यांचा डावा डोळा बारीक होतो, तो अगदी तसाच आला आहे.

कपड्यांचं तुम्ही लिहिलंत. मी पुष्कळ वेळ बघितलं. पोपटी मला पोपटी दिसतो. मरून मरून दिसतो. नावं सगळी येतात. त्यात चूक काय आहे, ते मात्र सापडत नाही. पूर्वी मला नुसतं कळायचं. मी कधी विचार करून कपडे काढले नाहीत, कपाट उघडलं की हात आपोआप जायचा. हात अजूनही जातो. पण कुठेही जातो.

मी यांना विचारलं, "मी तुम्हाला वाईट कपडे देते का?" हे म्हणाले, "छे." पण हे कसे सांगणार? यांना दिसतच नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. कोणीतरी सांगायला हवं होतं. मी रागावले नाही.

कालपासून मी खुर्चीवर काही ठेवत नाही. यांचे हे घेतील. यांना कोणी हसावं, असं मला नको आहे.

गुडघ्यांना शेक देत जा. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुमची,
वहिनी

ता. क. फोटोत तुम्ही कुठे उभ्या आहात? मी दोनदा शोधलं, सापडला नाहीत.


१४ जून

टाचणे,

आईने तुला हे नाव ठेवलं ते उगीच नाही. जिथे टोचायला नको होतं, नेमकं तिथे टोचलंस.

मी तुला कारण सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. आता सांगतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी खुर्चीवर दोन शर्ट होते आणि पँट नव्हती. मी म्हटलं, "आज गाव गोळा करायचा विचार आहे का?" आम्ही दोघंही पोट धरून हसलो. महिन्याभराने पुन्हा तसंच झालं. तेव्हा मी एकटाच हसलो. मग ती रोजच्या रस्त्यावर चुकली. मग गॅस चालू राहिला. डॉक्टरीणबाईंनी तिला पाच शब्द सांगितले आणि गप्पा मारून झाल्यावर परत विचारले. तिला एक आठवला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हे हळूहळू वाढणार. थांबवता यायचं नाही. पण जे काम त्यांना आपलं वाटतं, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका."

गॅस मी काढून घेतला, घ्यावाच लागला. बाजार काढून घेतला. किल्ल्या घेतल्या. खुर्ची तेवढी उरली होती.

तुला वाटलं, मला कळत नाही. अगं, पोपटी आणि मरून मला कळत नसेल, पण लोकर आणि सुती कळत नाही का? आणि रंगांसाठी माझा माणूस आहे. रंगखात्यातला माझा जुना दोस्त कोपऱ्यावर राहतो. निवृत्त झाला तरी सगळे त्याला रंगारीच म्हणतात. रोज सकाळी मी फिरायला निघालो, की त्याच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "आज काय आहे अंगावर?" तो चहाचा कप खाली ठेवून मला वरपासून खालपर्यंत बघतो. "शर्ट नारिंगी, पँट हिरवी. साहेब, आज तुम्ही गाजर आहात, पाल्यासकट." मी म्हणतो, "कापड बघ ना." तो म्हणतो, "कापड एक नंबर." आणि मी फिरायला जातो.

संमेलनाच्या दिवशी मात्र त्याने मला हसून सोडलं नाही. दारात आडवा झाला. "साहेब, आज सगळी गिरणी असणार. निदान कोट आणि बंडी माझ्याकडे ठेवा, परत जाताना घाला. वहिनींना कळणार नाही." मी वळून पाहिलं. ही खिडकीत उभी राहून मला बघत होती. मी कसा दिसतो ते बघायला ती पहिल्यापासून तिथे उभी राहते, मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत. मी बंडीची वरची गुंडी लावली आणि गेलो.

लोक हसले, ते मला मागे न वळता कळलं. मला लाज वाटली नाही असं म्हणणार नाही. पण असं बघ: आयुष्यभर लोकांनी माझ्या कपड्यांची वाहवा केली. ती तिची होती, आणि ती मी मान तुकवून घेतली. आता हसू वाट्याला आलं, तर ते घ्यायला मी मागे का सरू?

तुझं पत्र आल्यापासून खुर्ची रिकामी आहे. सकाळी ती कपाट उघडते, समोर बसते, आणि बंद करते. मग दिवसभर तिला काही करायचं नसतं. काल मी माझे मीच कपडे घातले. तिने वर पाहिलंच नाही. खिडकीतही आली नाही.

तिला पुन्हा त्या कपाटाशी कसं न्यायचं, ते मला सुचत नाही. टाचणी तू टोचलीस, तूच काढ.

दादा


१९ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वहिनींचं त्याहून जास्त. त्यांनी माझ्या गुडघ्यांची दोनदा चौकशी केली आहे, आणि मी पहिल्यांदा वाचताना त्यात टोमणा शोधला. अशी मी.

तुला एक खरं सांगते. त्या गाठी कापल्या गेल्या, हे मला तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत कळलं होतं. तुझा शर्ट दोरीवरून काढताना शिवणीवर बोट फिरवलं, तर सपाट. तेव्हापासून ते माझ्या मनात बसलं होतं. वाटायचं, माझ्या बक्षिसाचं काम या बाईने कात्रीने कापून टाकलं. तो फोटो पाहून मला वाईट वाटलं, हे खरं. पण आत कुठेतरी जरा बरंही वाटलं, हे त्याहून खरं. एवढं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

आणि तू! मी आजवर तुझ्या कोटांचं कौतुक करत आले. गुंडी लावून गेलास ते वाचलं, आणि वाटलं, माणूस किती नीटनेटका आहे ते मला आज कळलं.

आता कामाचं. काल धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मला आमची शाळा आठवली. साडेचारशे मुली. राखाडी स्कर्ट, पांढरा ब्लाउज, गडद निळा स्वेटर. मला त्या युनिफॉर्मचा असा तिटकारा होता! पण सकाळच्या घाईत, अर्धवट झोपेत, कुठलाही स्कर्ट आणि कुठलाही ब्लाउज ओढला, तरी फाटकातल्या सिस्टरला बोलायला जागा नसे. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नसे.

दादा, वहिनींचा हात कुठेही जातो ना? जाऊ दे. कपाटच असं करू, की हात कुठेही गेला तरी बरोबरच जाईल. राखाडी, पांढरा, गडद निळा. दुसरं काही नाही. जाड लोकर थंडीपर्यंत पेटीत, आणि पेटी रंगाऱ्याकडे. मग त्यांनी काहीही काढून ठेवलं तरी तू साहेबच दिसशील, आणि ते त्यांनीच काढलेलं असेल. यात खोटेपणा नाही. निवड त्यांचीच.

यात जाणार ते तुझं. एकेचाळीस वर्षांचे कपडे. त्यातला एकही रंग तू पाहिलेला नाहीस, हे मला माहीत आहे, पण प्रत्येकाचं कापड तुझ्या बोटांना पाठ असणार. विचार करून कळव. हो म्हणालास तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन मोठ्या बॅगा घेऊन येते.

सोबतची चिठ्ठी वहिनींना दे. त्यात लिहिलंय, की मी फोटोवाल्याकडे चौकशी केली आणि त्याने त्याच्या यंत्रात रंग बिघडल्याचं कबूल केलं. धडधडीत खोटं. सिस्टरने मला तासभर गुडघ्यांवर बसवलं असतं. गुडघे तसेही दुखतातच. त्या कितपत विश्वास ठेवतील, माहीत नाही. पण खाली असंही लिहिलंय, "मला रंगांची नावं येतात, पण दादाला काय शोभतं ते फक्त तुम्हाला कळतं. मी कपाट आवरायला येते आहे, माझ्याजवळ बसाल का?" यातला शब्द न् शब्द खरा आहे.

तुझी,
टाचणी


९ ऑगस्ट

प्रिय टाचणीस,

तू जाऊन अकरा दिवस झाले. तुझी छत्री इथेच राहिली आहे.

आधी बातमी, कारण तू बाकीचं न वाचता तीच शोधशील. पहिले चार दिवस काही झालं नाही. ती कपाट उघडायची, आतल्या कपड्यांवरून हात फिरवायची आणि बंद करायची. मी हाक मारायचो नाही, बघायचोही नाही. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, हे तिनेच मला सांगितलं. पाचव्या दिवशी मी तोंड धुऊन आलो, तर खुर्चीवर पँट, तिच्यावर शर्ट, पाठीला कोट. टाय कॉलरमध्ये ओवलेला नव्हता, नुसता लोंबत होता. मोजे एका बुटात दोन्ही. मी सगळं घातलं. ती दोन पावलं मागे सरली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "चालेल." तिचं 'चालेल' तुला माहीत आहे. त्याच्यापुढे बक्षीस नाही.

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. माझ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. "साहेब, आज काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे बोलायला काही नाही. निळा, पांढरा, राखाडी. राजबिंडे दिसताय. जा आता." बिचाऱ्याचा एवढा विरस झाला होता, की मला वाईट वाटलं.

वळणावर मी मागे पाहिलं. खिडकीत होती.

त्यानंतर रोज ठेवते आहे. एक दिवस चुकला, पण त्या दिवशी मीही विसरलो होतो की रविवार आहे, तेव्हा फिट्टंफाट. हे किती दिवस चालेल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. जितके दिवस चालेल, तितके दिवस मी चांगला दिसेन.

तू इथे असताना बॅगा भरत होतो, ती दुपार माझ्या मनातून जात नाही. पलंगभर कपडे पसरले होते आणि ती मधोमध बसली होती. एक बाही हातात घेऊन तिने विचारलं, "हे कुणाचे कपडे हो? कोणीतरी फार मन लावून जमवलेत." तू पाणी प्यायला म्हणून आत गेलीस. मी म्हटलं, "एका बाईने जमवलेत." तिने विचारलं, "मग तिच्या नवऱ्याने घातले का?" मी म्हटलं, "रोज." "मग झालं तर," म्हणाली, आणि ती बाही घडी करून जागच्या जागी ठेवली. तू आत बराच वेळ पाणी पीत होतीस, म्हणून हे तुला लिहून कळवतो.

आता त्या बॅगांचं. तू विचारलंस कोणाला काय द्यायचं. मला रंग सांगता येणार नाहीत, तेव्हा हाताने शोध.

सगळ्यात जड कोट, तिरप्या विणीचा, आतल्या खिशाला चामड्याची पट्टी असलेला, तो आतेभावाला. त्याला थंडी फार वाजते. शिवाय त्याला गुंड्या भरपूर आहेत. वर्तमानपत्र बंद ठेवायला उपयोगी पडतील.

उचलले की पाण्यासारखे हातातून निसटतात ते सहा शर्ट तुझ्या मुलाला. त्याची मान माझ्यासारखी आहे. इस्त्री उलट्या बाजूने करायची, हे त्याला दोनदा सांग.

मऊ, लांब मफलर, टोकाला झालर नसलेला, तो त्या संमेलनाच्या फोटोवाल्याला. पत्ता आतेभावाकडे मिळेल. तू त्याच्यावर नसता आळ घेतलास. कारण सांगू नकोस, नुसता दे.

हाताला जरा खरखरीत लागणारे दोन कोट, कोपर थोडे झिजलेले, ते तुझ्या जुन्या शाळेच्या फाटकावर आता जो चौकीदार असेल त्याला. नसेल तर ज्याच्या खांद्यात बसतील त्याला. कोट खांद्यात बसला पाहिजे. बाकीचं शिंपी बघून घेतो.

जुने रंगीत टाय सगळे रंगाऱ्याकडे ठेवलेत. तो म्हणतो, घालायला प्रसंग नाही, पण बघायला बरे आहेत.

कोणालाही देताना, साहेबांचे कपडे म्हणून देऊ नकोस. साहेबांच्या बायकोची निवड म्हणून दे. ज्याने घेतलं त्याने हे लक्षात ठेवलं पाहिजे असं नाही. तू सांगितलं पाहिजे.

आणि दोन्हींतल्या जरा लहान बॅगेच्या तळाशी, ब्राऊन पेपरात, न कापलेलं कापड आहे. तू गेल्यावर मला आठवलं. ते घाईत मीच आत ठेवलं असणार. दोन हिवाळ्यांपूर्वी तिने माझ्यासाठी आणलं होतं आणि मग ते आणल्याचंच विसरली. हात फिरवून बघ. उभा धागा बारीक, आडवा किंचित भरीव, त्यामुळे अंगावरून सरळ पडेल पण चिकटणार नाही. पस्तीस वर्षांत असं कापड माझ्या टेबलावरून चार-पाच वेळा गेलं असेल. ते कोणालाही देऊ नकोस. तुझ्या शिंपिणीकडे टाक आणि तुझ्या वहिनीच्या मापाचा लांब कोट शिवून घे. मापं या कागदाच्या मागे लिहिली आहेत. मी घेत असताना ती सारखी हसत होती, तेव्हा अर्धा इंच इकडेतिकडे झाला असेल. खिसे खोल ठेवायला सांग, तिला हात आत घालून चालायला आवडतं. थंडीच्या आधी मिळाला तर बरं.

कापडाचा रंग कोणता आहे, ते मला लिहू नकोस. कोट आला की मी तिला विचारीन.

तुझा,
दादा